जावयाला न आवडलेला सिनेमा

मी तोंड आवरायला हवं होतं, हे आधीच कबूल करतो. सिनेमा टाकाऊ होता, यावर मात्र मी अजून ठाम आहे.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. मी नगरला कचेरीत कारकून, सासरे कोल्हारचे शेतकरी. लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला मुक्कामी गेलो, तर त्यांनी हौसेनं बैलगाडी जुंपून मला तंबूतल्या सिनेमाला नेलं. गोष्ट सुडाची. खलनायक नायकाच्या बापाला मारतो आणि नायकाला कड्यावरून ढकलतो. नायक वर्षभरानं मिशी ठेवून परत येतो, तर त्या मिशीमुळे त्याला सख्खी आईसुद्धा ओळखत नाही. ओळखतो फक्त घोडा! शेवटी पेटलेल्या गोदामातून तो बाहेर पडतो, तेव्हा सदऱ्याची इस्त्रीही मोडलेली नसते.

सकाळी जावई बघायला शेजारी जमले होते. ओट्यावर चहा पीत मी सिनेमा सोलायला घेतला.

"मिशी आली म्हणून आई पोराला ओळखणार नाही?"

"बरोबर हाय," सासरे म्हणाले.

"आणि त्या पिस्तुलातल्या गोळ्या संपतच नाहीत!"

"त्येबी बरोबर हाय, पाव्हनं."

सगळे माना डोलवत होते. माझ्या बोलण्याला एवढं वजन असल्याचं कचेरीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला चेव चढला. म्हणालो, "असल्या सिनेमाला डोळे पुसणारा माणूस वेडाच म्हणायचा."

डोलणाऱ्या माना थांबल्या. मग सासरे म्हणाले, "बरोबर हाय," आणि बैलांना पाणी दाखवायला उठले.

परतताना एसटीत बायको खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तुमी जावई, म्हनून समद्यांनी ऐकून घेतलं. बाबांनी त्यो शिनेमा आधीबी बगितला हुता. डोळं पुसनारं तेच."

दिवाळीला पुन्हा गेलो, तेव्हा तंबू परत लागला होता आणि सिनेमाही तोच होता. सासऱ्यांनी मात्र त्या दिवसापासून तंबूत पाऊल टाकलं नव्हतं. उसाला पाणी देत होते, तिथं मी त्यांना गाठलं. बायको मागोमाग आली.

"मामा, त्या दिवशी माझं चुकलं."

"छ्या! जावयाचं कसं चुकंल?"

"सिनेमा चांगला होता."

"बरोबर हाय."

आता यांच्यापुढे काय करावं? शेवटी बांधावरून बायको ओरडली, "बाबा, एकदा म्हना की ह्यांचं चुकलं म्हनून!"

सासऱ्यांनी फावडं रोवलं. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "चुकलं." मग जरा मोठ्यानं, "लई चुकलं, पाव्हनं! आईनं वळखलंच हुतं त्याला. पर म्होरं गुंड हुभं, ती बोलंल कशी? तिच्या डोळ्यांकडं बगितलंच न्हाई तुमी. चला आज, दावतो."

मला हे सुचलंच नव्हतं. चिखलातच वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"माफ करा, मामा. मी मिशीकडेच बघत बसलो."