सर्व्हरचाही पासवर्ड असतो

खारघरच्या आमच्या कॉलेजात त्या सकाळी कुणाचंच नेटवर्कवर लॉगिन होईना. "पासवर्ड नीट टाका की!" म्हणून मी आयटी विभागातून फोनवर प्राध्यापकांवर खेकसत होतो. करावे गावच्या आमच्या सीनियर मॅडम आल्या, त्यांनी निवांत सर्व्हरच्या नोंदींचा लॉग वाचला.

"लॉगिन सर्व्हर सगल्यांची नावं डिरेक्टरीत बघतो. पन तिथं शिरायला त्याचा सोताचा पासवर्ड हाय ना? तो कोन बदलनार?"

महिन्याभरात बदलला नाही तर जुना पासवर्ड बंद, हा नियम माझाच. माणसांना बजावलं, सर्व्हरला विसरलो.

त्यांनी डिरेक्टरीत आणि लॉगिन सर्व्हरवर, दोन्हीकडे त्याचा नवा पासवर्ड घातला आणि लॉगिन सुरू झालं. रजिस्टरमध्ये एवढंच लिहिलं, 'पासवर्डची मुदत संपली होती.' माझं नाव कुठेच नाही. मग फोन माझ्यापुढे सरकवला.

"ज्यांच्यावर वरडलास ना, त्यांना आता एकेकाला लाव."