खाडीतून आणलेलं बियाणं

कोकणच्या सहलीहून लोक काजू आणतात, कोकम आणतात. आमच्या बाबांनी ओल्या पोत्यात गुंडाळून जिवंत शिंपल्या आणल्या. दोन दिवस बसच्या सीटखाली ते पोतं, दर थांब्यावर त्यावर पाण्याचा शिपका आणि पुढेमागे बसलेल्यांच्या नाकाला रुमाल.

मेडशीजवळ आमचं शेत आहे आणि शेतात शेततळं. मोत्यांच्या आशेनं बाबा त्यात नाल्यातल्या शिंपल्या जाळीच्या पिशव्यांत टांगून वाढवायचे. तळहाताएवढ्या, काळपट, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण उन्हाळ्यात त्यातल्या निम्म्या मरायच्या आणि बाबा दोन दिवस नीट जेवायचे नाहीत. खाडीतल्या होड्यांच्या बुडाला बारक्या शिंपल्यांचे घोसच्या घोस पाहून त्यांना वाटलं, हे वाण दणकट आहे. होडीवाल्यांना ती पीडाच होती, त्यांनी आनंदानं खरवडून दिल्या.

मी वाशीमला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सुट्टीत घरी गेले तेव्हा या पाहुण्यांना येऊन तीन महिने झाले होते. तळ्यात गोठ्यातला मिठाचा खडा दोरीनं सोडलेला दिसला.

"हे काय बाबा?"

"खाऱ्या पान्यातले जीव हायेत, माय. बैलाले नाही का मीठ लागत?"

मला हसू आलं. मग दोरी वर ओढली आणि हसू गेलं. दोरीवर, तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर, मोटारीच्या पाइपाच्या जाळीवर नखाएवढ्या शिंपल्या दाटीनं बसल्या होत्या. ही जात मूळची परदेशातली, जहाजांना चिकटून आपल्या खाड्यांत शिरलेली. खारं पाणी तिला चालतं, मचूळ चालतं, बरंचसं गोडंही चालतं. चिकटायला जागा मिळाली नाही तर ती दुसऱ्या शिंपलीच्या पाठीवर बसते, आणि खालची उपाशी मरते.

मला बाबांचा राग आला, त्याहून जास्त माझा. तीन महिने ते फोनवर "नवं वाण आनलं" म्हणून सांगत होते आणि मी पेपर तपासता तपासता "हो का" म्हणत होते.

बाबांना सगळं समजावलं. पाऊस लागायच्या आत तळं उपसून वाळवायचं, नाहीतर तळं सांडलं की या बारक्या नाल्यात उतरतील आणि तिथल्या आपल्या शिंपल्या संपतील. त्यांनी वाद घातला नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले.

"पन म्या तं वाटल्या न," ते म्हणाले.

आमच्याकडे नवं बियाणं एका घरात राहत नाही. तुरीचं नवं वाण कुणाला मिळालं की सोयऱ्याधायऱ्यांना थोडं थोडं जायलाच पाहिजे, एकट्यानं ठेवलं तर चार लोक नावं ठेवतात. त्याच रिवाजानं बाबांनी शेजारच्या तीन शेततळ्यांना ओंजळ ओंजळ दिली होती, एक रिठदला आत्याकडे पाठवली होती. आणि पेरताना एक मूठ पाखरांची असते, तशी एक मूठ नाल्यात सोडली होती.

आम्ही तळं उपसलं. बाबांनी विळ्यानं प्लास्टिक खरवडलं, ते दोन जागी फाटलं. मग घरोघर गेलो. बाबा हात जोडून उभे राहायचे आणि बोलायची मी. एका काकांनी चहा पाजला आणि म्हणाले, "देल्लं बियानं कोनी वापस मांगते काय? अन् आमच्या तळ्यात तं मस्त वाढून राह्यल्या." एकानं तळं उपसलं, दोघांनी नाही. रिठदची आत्या फोनवर रडायलाच लागली, भावानं दिलेली वस्तू फेकू कशी म्हणून. सरकारी कचेरीत गेले तर तिथे हा विषय नेमका कुणाच्या टेबलावरचा, हेच कुणाला ठरवता येईना.

मग पाऊस आला. तळी भरली, सांडली, नाला वाहिला.

दिवाळीत घरी गेले तर बाबा नाल्यात गुडघाभर पाण्यात वाकून उभे. हातात आमच्या नाल्यातली एक मोठी शिंपली, तिच्या पाठीवर आणि तोंडावर त्या बारक्यांचा गठ्ठा. तिला धड उघडता येत नव्हतं, मिटता येत नव्हतं. ते नखानं एकेक उपटत होते. बारक्या ज्या धाग्यांनी चिकटतात ते चिवट, बाबांच्या बोटांना रक्त आलं होतं. मी "राहू द्या" म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. पाव तास गेला. शिंपली साफ झाली. ती त्यांनी लेकराला पाळण्यात ठेवावं तशी दोन्ही हातांनी पाण्यात टेकवली.

"मोकळी झाली न आता?" त्यांनी विचारलं. चष्मा घरी राहिला होता.

ज्या दगडाशी त्यांनी ती टेकवली, तो दगड वरपासून खालपर्यंत त्या बारक्यांनी काळा झाला होता.

"हो बाबा," मी म्हटलं.