हद्दीपलीकडची माणसे मोजणारे पोतनीससाहेब

बडोद्याच्या पाणीपुरवठा शाखेत मी रुजू झाले, त्या सकाळी दिनकरराव पोतनीस यांनी माझा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहत विचारले, “मंजिरीबेन, इंग्रजी तुमचं झकास आहे. घरी पाणी कुठून येतं?”

“नळातून,” मी म्हणाले.

सगळी शाखा हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी जीप मागवली आणि मला आधी आजव्याच्या तलावावर, मग मही नदीकाठच्या विहिरींवर नेले. नन्सच्या शाळेत मी नाईलचा उगम पाठ केला होता. माझ्या गावाचे पाणी मला साहेबांनी दाखवले.

नव्वदीची ती सुरुवातीची वर्षे. नवे कारखाने येत होते, शहरातल्या जुन्या वाडी भागातली मंडळी निजामपुऱ्याकडे, त्याहून पुढे छाणीकडे घरे बांधत होती. पुढच्या तीस वर्षांचे पाणी राखून ठेवण्यासाठी शहरातल्या वस्त्यांची यादी आम्ही करायची, खेड्यांची प्रादेशिक कार्यालयाने. दोन्ही याद्या बैठकीत एकत्र व्हायच्या.

साहेबांची एक रीत होती. प्रादेशिक कार्यालयाला जाणारे आमचे पत्र तयार झाले की ते मला टेबलाच्या पलीकडे बसवत. “आता तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या. द्या उत्तर.” बैठकीला दोन दिवस असताना असेच उत्तर लिहायला मी प्रादेशिक कार्यालयाची यादी उघडली आणि आमच्या यादीशेजारी ठेवली. माझी यादी शहराच्या हद्दीवर थांबली होती. त्यांनी छाणीचे जुने गावठाण तेवढे धरले होते. मधल्या नव्या सोसायट्या कुणाच्याच यादीत नव्हत्या. त्या दुसऱ्या यादीत असतीलच, असे मी गृहीत धरले होते. कागद तसाच गेला असता, तर त्या घरांच्या वाट्याला पाणीच राहिले नसते.

“साहेब, चूक माझी आहे.” मी रडतच सांगितले.

“यादीवर सही माझी आहे. डोळे पुसा, चहा घ्या.”

बैठकीत प्रादेशिक कार्यालयाचे जशभाई खवचटपणे म्हणाले, “पोतनीससाहेब, हद्दीबाहेरचे लोक तुमचे कधीपासून झाले?”

“आजे नथी, जशभाई. काले थशे,” साहेब म्हणाले. “आज नसले, तरी उद्या ते आपले होतील; तेव्हा आपण दोघं घरी बसलेलो असू. आज लिहिलं नाही, तर त्यांनी कुणाला विचारायचं?”

एकूण पाणी ठरलेले होते. जशभाईंनी अट घातली, की तुमच्या वाट्यातून द्या. साहेबांनी शहराचा राखीव हिस्सा कमी करून त्या सोसायट्या लिहून घेतल्या. “नजरचूक माझी,” एवढेच ते सर्वांसमोर बोलले. शाखेत कुणी त्यांना चेष्टेने ‘छाणीना शेठ’, म्हणजे छाणीचे शेठजी, म्हणू लागले. पुढची बढती दुसऱ्याला मिळाली. माझ्याजवळ त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

त्याच सुमारास माझी आई अंथरुणाला खिळली. साहेब रोज दुपारी फर्मावत, “निजामपुऱ्याची टाकी पाहून या, आणि परत यायची घाई नको.” टाकीला लागूनच आमचे घर होते, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

छाणीची पाइपलाइन टाकली गेली तोवर साहेब निवृत्त झाले होते. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना त्या सोसायट्या दाखवायला नेले. एका अंगणात भांडी घासणारी सून आम्हाला पाहून म्हणाली, “काका, कचेरीतून आलात का? प्रेशर बहु ओछुं छे. वरच्या मजल्यावर चढतच नाही हो!”

मी साहेबांची ओळख करून देणार होते. त्यांनी हातानेच मला थांबवले. घराचा नंबर एका कागदावर लिहून घेतला. परतताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मी कारण विचारले.

“अहो मंजिरीबेन, प्रेशर कमी आहे म्हणून भांडतात. म्हणजे पाणी पोहोचलं!”

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन ते स्वतः कचेरीत गेले, आणि अजूनही जातात. अमृतमहोत्सवी वर्षात साहेबांना भक्कम पाय, निकोप प्रकृती आणि पुष्कळ वर्षे लाभोत. त्या सुनेच्या वरच्या मजल्यावर पाणी अजून चढायचे आहे.