उघडं टोक

माझ्या मामाला एका जागी बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच. जेवतानासुद्धा तो दोनदा उठतो, एकदा नळ नीट बंद आहे का बघायला आणि एकदा उगाच. अनोळखी माणसाची कॉलर दुमडलेली दिसली तरी त्याचे हात शिवशिवतात. मामी म्हणते, "मी झोपले की हे माझ्या चपला सरळ लावून ठेवतात. एक दिवस मलाच उचलून भिंतीला सरळ टेकवतील!"

रक्त तपासणीच्या तीन मजली लॅबमध्ये तो नेटवर्कची वायरिंग सांभाळतो. खालच्या मजल्यावर रिपोर्टच्या काउंटरवर मी बसते. तिथे मला त्यानेच चिकटवलं, हे आधीच सांगून टाकते.

तो या कामाला लागला तेव्हा सगळे कॉम्प्युटर एकाच लांब केबलवर ओळीने जोडलेले असत. केबलच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी टोपणं लागत. एक टोपण निघालं, टोक उघडं राहिलं, की आख्खी ओळ ठप्प. मामाची उमेदीची वर्षं टेबलांखाली रांगत उघडी टोकं शोधण्यात गेली. पुढे पद्धत बदलली. आता प्रत्येक कॉम्प्युटरची स्वतःची वायर जिन्याजवळच्या कपाटातल्या स्विचला जाते, आणि तो चपटा डबा प्रत्येकाचा निरोप ज्याचा त्याला पोचवतो. एक वायर तुटली तर एकच कॉम्प्युटर बंद. "आता कुणामुळे कुणाचं अडत नाही," पहिल्याच दिवशी मामाने मला ऐकवलं होतं, जणू ही युक्ती त्यालाच सुचली होती. डोक्याला त्याच्या हे पटलं होतं. हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या मंगळवारी सात वाजता लॅब उघडली आणि एकही रिपोर्ट निघेना. मशीन रक्त तपासत होतं, पण आकडे कॉम्प्युटरपर्यंत येतच नव्हते. आठपर्यंत काउंटरसमोर रांग दारापर्यंत गेली. एक बाई ऑपरेशनच्या आधीचा रिपोर्ट मागत होती, एका माणसाने तर माझ्या बापाचा उद्धार केला. फोन उचलला की दुसरा वाजायचा. मामा जिने चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. मी कपाटापाशी गेले तर स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत होते.

"कुठेतरी वायर फिरून स्वतःलाच जोडली गेलीय," मामा म्हणाला. "एकच निरोप गोल गोल फिरतोय आणि प्रत्येक फेरीला वाढतोय. बाकीच्यांना वाटच नाही."

मग तो स्विचमधली एकेक वायर काढून दिवे बघू लागला. अकराच्या सुमारास एक काढली आणि दिवे शांत झाले. ती वायर कुठली ते बघत आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या नमुन्यांच्या खोलीत गेलो. तिथला एक कॉम्प्युटर आदल्या दिवशी दुरुस्तीला गेला होता. त्याची वायर मागेच राहिली होती, आणि तिची दोन्ही टोकं भिंतीवरच्या शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये बसवलेली होती. एका प्लगचा चाप तुटला होता, म्हणून तिथे पुठ्ठ्याचा छोटा तुकडा खोचलेला होता. हातमोज्यांच्या खोक्याचा. असा तुकडा या इमारतीत एकच माणूस खोचतो.

मामाने टोक ओढून काढलं आणि भिंतीकडेच बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. दोघांनाही कळलं होतं. काल संध्याकाळी जाता जाता त्याला लोंबतं टोक दिसलं, आणि हात गेला.

खाली रिपोर्ट सुरू झाले. लॅबचे साहेब आले ते गुन्हेगार ठरवूनच आले होते. "सकाळी त्या खोलीत कोण होतं? सफाईवाल्या मावशीच ना? घातला असेल झाडू वायरींत." अकरा वर्षं काम केलेल्या मावशींना त्यांनी जिन्यावरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी ओळखपत्र घ्यायला येईल, तोवर थांबा. मावशी मागच्या जिन्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

आणि आम्ही मामा-भाची मूग गिळून बसलो. मला मामाचा राग येत होता आणि माझा त्याहून जास्त. तोंड उघडलं तर मामा जाईल, मामा गेला तर मीही जाईन, हे गणित मी काउंटरवर बसून पन्नासदा केलं. मामा चार वेळा साहेबांच्या दारापर्यंत गेला आणि चार वेळा परत फिरला. एकदा तर मला विचारायला आला, पाणी आहे का. बाटली त्याच्या हातातच होती.

तीन वाजता तो आत शिरला. दार उघडंच राहिलं, म्हणून मला ऐकू आलं.

"साहेब, ते मावशींनी नाही केलं. मी केलं."

साहेब हसले. "अहो, तुम्ही देवमाणूस. पण दुसऱ्याचं पाप कशाला अंगावर घेता?"

"झाडूने वायर निघते, साहेब," मामाचा आवाज चढला. "बसत नाही. झाडू पुठ्ठा कापून प्लगमध्ये खोचत नाही. मी काल संध्याकाळी टोक उघडं बघितलं आणि लावलं. जुनी खोड. लेखी देऊ?"

मग साहेब म्हणाले, "लेखी द्या. आणि त्या बाईला सांगा, उद्या या म्हणावं."

मामा जवळजवळ धावतच मागच्या जिन्याकडे गेला. मी काउंटर सोडून त्याच्यामागे. त्याने मावशींना सगळं सांगितलं, वायर, पुठ्ठा, उद्या यायचं आहे तेही. मावशींनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"अकराला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"साडेअकराला मी लेकीला फोन केला," मावशी म्हणाल्या. "ती म्हणाली, आई, खरंच तुझा हात लागला का गं? मला त्या वायरींतलं काय कळतंय? आठवून आठवून बघितलं, कुठे लागला असेल. एवढी शिकलेली माणसं म्हणतायत तर लागलाच असेल. मी हो म्हणाले तिला."