भाऊजींचा संकल्प

भर पूजेत हात थांबवून यजमानाकडे नकाशा मागणारे गुरुजी अख्ख्या वऱ्हाडात एकच असतील, आणि ते नेमके माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आले आहेत. अमरावतीत अंबागेटच्या आत भाऊजींचं घर आहे. भिक्षुकी पिढीजात, आवाज खणखणीत, सत्यनारायणापासून श्राद्धापर्यंत सगळं तोंडपाठ. माणूस एरवी सरळ आहे. फक्त आफ्रिकेचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण, आणि तो विषय बहुतेक वेळा तेच काढतात.

याची सुरुवात टाळेबंदीत झाली. पूजा फोनवर होऊ लागल्या आणि नैरोबीतल्या एका यजमानानं यांना वास्तुशांत करायला सांगितली. संकल्प सोडताना आपण कुठे बसलो आहोत ते देवाला सांगायचं असतं: कोणतं द्वीप, कोणता देश, कोणत्या नदीचा कोणता तीर. भाऊजी सवयीनं ‘जम्बुद्वीपे भरतवर्षे’ म्हणून गेले आणि मध्येच थबकले. “हा माणूस बसला नैरोबीत आणि मी देवाले पत्ता देऊन राहिलो गोदावरीचा,” असं म्हणून त्यांनी ती पूजा पुढच्या आठवड्यावर ढकलली. त्या आठवड्यात त्यांनी शाळेचा ॲटलास आणला, मग रद्दीवाल्याकडून इतिहासाची जाड पुस्तकं, आणि शेवटी आफ्रिकेचा भलामोठा नकाशा, जो ताईनं पुष्कळ भांडून देवघरातून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांवर हलवला. नद्या पाहता पाहता त्यांची नजर सरहद्दींवर गेली आणि तिथे ते कायमचे अडकले. “हे रेष पाहा. हे काही नदीनं, डोंगरानं काढली नाई. हे पट्टीनं काढली. ज्यांनं ते जमीन पाहिलीच नाई, त्यांनं युरोपात टेबलाशी बसून काढली.” बेल्जियमच्या राजानं अख्खा काँगो स्वतःच्या नावावर करून घेतला होता, हे वाचलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. युरोपियनांनी किनाऱ्यांना मालाची नावं दिली, सोन्याचा किनारा, हस्तिदंताचा किनारा, याचा राग तर अजून ताजा आहे. “उद्या कोणी आपल्या वऱ्हाडाले सरकीचा मुलूख म्हटलं, तर चालन का तुले?” असं ते भाजीवाल्यालाही विचारतात.

शेजारच्या देशपांडेबाईंचा मुलगा नोकरीला ‘आफ्रिकेत’ गेला म्हणून त्या पेढे घेऊन आल्या, तर भाऊजींनी पेढा हातात धरला पण तोंडात घातला नाही. “आफ्रिकेत म्हणजे कुठं? तिथं पन्नासाच्या वर देश आहेत.” बाईंना माहीत नव्हतं. फोन लावून टांझानिया असं कळल्यावर भाऊजींनी एकाऐवजी दोन पेढे खाल्ले. मूर्तिजापूरच्या स्टेशनवर एकदा आमची गाडी चुकली ती यांच्यामुळेच. कापूस वाहून न्यायला घातलेल्या जुन्या अरुंद रुळांकडे बोट दाखवून ते एका अनोळखी माणसाला सांगत होते, की आफ्रिकेतही साहेबांनी रूळ टाकले ते खाणीपासून बंदरापर्यंत. तिथल्या माणसांनी एकमेकांकडे जावं म्हणून नाही. तो माणूस बिचारा तिकिटाची खिडकी विचारायला आला होता. हळूहळू ‘ते भूगोलवाले गुरुजी नकोत’ असं काही यजमान म्हणू लागले. ताई चिडली, पण भाऊजी बधले नाहीत. “खोटा पत्ता मी सांगत नसतो,” एवढंच म्हणाले.

मागच्या वर्षी अकोल्याच्या जुन्या शहरातून त्यांना वर्षश्राद्धाचं बोलावणं आलं. मोबाईल धरायला मी सोबत होतो. घर कोर्टातून निवृत्त झालेल्या तात्यांचं. श्राद्ध त्यांच्या पत्नीचं. एकुलता एक मुलगा सुधीर युगांडात जिंजा नावाच्या गावी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आईच्या शेवटच्या वेळी त्याला पोहोचता आलं नव्हतं, आणि आता ऐन हंगामात सुट्टी मिळाली नव्हती. तो तिथे नदीकाठी दर्भ, तीळ घेऊन बसला होता. इकडे तात्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसलेले.

संकल्पाशी आल्यावर भाऊजींनी विचारलं, “कोणती नदी?”

“नाईल, गुरुजी. व्हिक्टोरिया सरोवरातून निघते.”

“राणीचं नाव मी संकल्पात घेणार नाई. हे नावं परक्यांनं ठेवले. तिथले लोक काय म्हणतात?”

“ते मला माहीत नाही.”

“मग विचार. मी थांबतो.”

आतून वड्यांचा वास येत होता आणि जेवणारे ब्राह्मण चुळबुळत होते. सुधीरचा चुलतभाऊ म्हणाला, “गुरुजी, गंगा म्हना न. चालते सगळीकडं.”

“तुमच्याकडं चालत असन,” भाऊजी म्हणाले आणि पळी खाली ठेवून मांडी घालून बसले.

फोनमध्ये नुसतं आभाळ दिसत राहिलं. मग सुधीर परतला. त्याच्यामागे मासळीची टोपली घेतलेली एक वयस्क बाई होती. नदी कियिरा, तो म्हणाला, आणि सरोवर नालुबाले, म्हणजे देवतांची आई. भाऊजींचा चेहरा असा उजळला, की मी त्यांच्या लग्नातही तसा पाहिला नव्हता. नालुबाले सरोवराजवळ, कियिरा नदीच्या पूर्व तीरावर, असा संकल्प त्यांनी खड्या आवाजात संस्कृतात सांगितला आणि सुधीरनं पाणी सोडलं.

ती बाई गेली नाही. टोपली बाजूला ठेवून तिथेच बसली. हे कोणासाठी, असं तिनं विचारलं असावं, कारण सुधीर तिला इंग्रजीत आईबद्दल काही सांगू लागला आणि सांगता सांगता रडू लागला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आईचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. “कुसुमा,” ती हळूच म्हणाली, शेवटचा स्वर लांबवून.

तात्या खुर्चीत पुढे सरकले. “तिले पुन्हा म्हनाले सांग,” ते म्हणाले.

ती पुन्हा म्हणाली. मग तात्यांनीही ते नाव घेतलं, फार सवय नसलेल्या माणसासारखं, चाचपडत. चुलतभाऊ उठून स्वयंपाकघरात गेला.

परतताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. मूर्तिजापूर मागे गेलं तरी आफ्रिकेचा विषय निघाला नाही, म्हणून मी प्रकृतीची चौकशी केली.

“मायच्या श्राद्धाले मी दरवर्षी तिचं नाव घेतो,” ते म्हणाले. “पण ते कशी होती, हे मले आजपर्यंत कोणी विचारलं नाई.”

“कशा होत्या हो?” मी विचारलं.

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “दुपारी सगळे झोपले का ते एकटीच ओट्यावर बसून फुटाने खाये. मी दिसलो का मूठभर माह्या हातावर ठेवे आनि बोटानं चूप म्हने.” बडनेरा आलं तरी ते तिच्याविषयीच सांगत होते, अगदी हळू आवाजात.