इंजिन बदललं, मला न विचारता

गाडी माझी. माझ्या पगारातून घेतलेली, माझ्या नावावरची, छोट्या एसयूव्हींपैकी एक, आता बरीच जुनी. धडगावच्या रस्त्यावर, घाट चढून गेल्यावर मी शिकवते ती आश्रमशाळा आहे. आम्ही राहतो शहाद्याला. रोज ये-जा मीच करते. माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही; शिकायची त्याला कधी इच्छाही झाली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर घाटात गाडी तापली. बॉनेट उघडलं तर पाणी सगळं उडून गेलेलं. टो करून शहाद्याला आणली. गॅरेजवाल्यानं इंजिन खोललं आणि ब्लॉकला गेलेली चीर दाखवली. दाखवली कोणाला? माझ्या नवऱ्याला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"साहेब, हाई इंजिन गयं," तो म्हणाला. "मन्हाकडे दुसरं शे, अपघातनी गाडीनं. डिझेलच शे, पन याना पेक्षा मोठं. घाट असा चढी की बस!"

"मोठं इंजिन या गाडीत बसेल कसं?" मी विचारलं.

त्यानं उत्तर नवऱ्याकडे बघत दिलं. "बसाडसूत ना, साहेब."

"आणि परवानगी? गाडीच्या कागदावर इंजिनचा नंबर असतो."

"व्हई जाई, ताई. तुम्ही कशाले डोकं लावतस?"

मी स्पष्ट सांगितलं, की मला विचार करायचाय, तोवर गाडीला हात लावू नका. नवराही मान हलवून "बरं" म्हणाला. मी आपली एसटीनं शाळेत जाऊ लागले.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर परस्पर गॅरेजमध्ये गेले, तर गाडीचं तोंड उघडं पडलेलं. जुनं इंजिन बाहेर. ज्या पट्ट्यांवर ते बसत होतं, त्या गॅसनं कापून काढलेल्या. नव्या, जाड पट्ट्यांचं वेल्डिंग अजून गरम होतं. माझ्या सीटवर पाने-पकडी आणि तेलकट चिंध्या.

"कोणाला विचारून कापलं?"

गॅरेजवाला गांगरला. "साहेबना फोन उना व्हता ना, ताई. त्यास्नीच हो म्हनं."

मी तिथेच नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, तुला एसटीचा त्रास होतोय, म्हटलं लवकर होऊन जाऊ दे." जणू माझ्यावर उपकारच! त्रास मला होत होता, म्हणून ठरवायचं त्यानं. आणि ज्या माणसाला क्लच कुठल्या पायाखाली असतो हे सांगता येत नाही, त्याचा शब्द त्या गॅरेजमध्ये चालला.

कापलेलं लोखंड परत जोडून जुनं इंजिन बसवण्यात अर्थ नव्हता. ब्लॉक फुटलेलाच होता. मग मी एक केलं. दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले. वायरिंग कुठून फिरवली, रेडिएटर मोठा का लागला, गिअरबॉक्स जुळवायला काय केलं, सगळं वदवून घेतलं. तो सवयीनं "साहेबले सांगस" म्हणायचा. मी म्हणायचे, "साहेब गाडी चालवत नाहीत. मला सांगा." तिसऱ्या दिवसापासून तो मला सांगू लागला, पण तोंड वाकडं करून.

गाडी सुरू झाली, आणि खरं सांगायचं तर चांगली चालली. पण कागद राहिला होता. आरटीओच्या तपासणीला नवरा सोबत आला. अधिकाऱ्यानं फाइल चाळली, मान वर केली.

"मालक कोण?"

"मी."

"मग बाई, इंजिन बदलायच्या आधी परवानगी घ्यायची असते, एवढं कळत नाही? मालक तुम्ही, जबाबदारी तुमची."

त्या सगळ्या काळात मला मालक म्हणणारा हा पहिला माणूस, आणि तो मला झापत होता. बरोबरच झापत होता! मी त्याला काय सांगणार, की परवानगीचं पहिल्याच दिवशी विचारलं होतं? नवरा बाजूला उभा राहून भिंतीवरची सूचना वाचत होता. मी माफी मागितली, नवा अर्ज लिहिला, बॉनेट उघडून काय-काय बदललंय ते दाखवलं. आणखी तीन खेपा झाल्या. शेवटी नव्या इंजिनचा नंबर कागदावर चढला.

त्या शेवटच्या खेपेहून नवऱ्यासोबत परत येताना प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल लागला. तापी ओलांडल्यावर नवरा हळूच म्हणाला, "त्या दिवशी आरटीओतल्या साहेबाला मी सांगायला हवं होतं, की चूक माझी आहे."

"हो," मी म्हणाले. "आणि गॅरेजवाल्याला त्याआधी, की गाडीचं ठरवायचं मी."

"त्याला आज सांगू?"

मी गाडी घराकडे न वळवता सरळ गॅरेजसमोर नेऊन उभी केली. तो उतरला. मी इंजिन चालूच ठेवलं आणि काच खाली घेतली, मला ऐकू यावं म्हणून.