तिच्याशी बोलत राहा

गंगाखेडच्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स म्हणून नुकतीच लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. विलायतेतल्या कुठल्याशा मोठ्या इस्पितळात अपघात विभागात काम करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई रजा काढून, स्वखर्चानं आमच्याकडे आल्या होत्या. श्वास बंद पडलेल्या माणसाला कसं जगवायचं, हे आम्हाला शिकवायला. चिंध्यांच्या बाहुलीच्या तोंडावर रबरी पिशवी धरून ती कशी दाबायची, हे त्या रोज आमच्याकडून घोटून घ्यायच्या. त्यांचं इंग्रजी मला अर्धंमुर्धंच कळे. बाकीचं आमचे डॉक्टर मराठीत सांगत.

कडब्याच्या पेंढ्या बांधायचे दिवस होते. राणीसावरगावकडच्या एका शेतकऱ्याच्या बायकोला पेंढी उचलताना नाग चावला. नवरा आणि सासू तिला जीपमध्ये घालून घेऊन आले, तेव्हा ऊन वर आलं होतं. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, थुंकी गिळता येत नव्हती. सर्पदंशाची लस चालू केली, पण बघता बघता तिचा श्वासच थांबला. बाईंनी चपळाईनं तिच्या श्वासनळीत नळी घातली, पिशवी जोडली आणि माझ्या हातात दिली.

श्वास देणारं यंत्र नांदेडला होतं. पण विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत रस्ते अडवले होते आणि जीपवाला पुढे जायला तयार नव्हता. विष उतरेपर्यंत हातानंच श्वास द्यायचा, असं ठरलं. माझे हात भरून आले की दुसरी नर्स बसे, मग आमचे डॉक्टर, मग पुन्हा मी. दुपारी बाईंनी नवऱ्याला बोलावून पिशवी दाबायला शिकवलं. तो जमिनीकडे बघत शिकला, पण हात चांगला बसला त्याचा.

मग बाई काही बोलल्या आणि आमच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की तिचं अंग लुळं पडलंय, पण तिला सगळं ऐकू येतंय. ती घाबरली असेल. तिच्याशी बोलत राहा.

त्यानं आईकडे बघितलं. आईसमोर बायकोशी बोलायची त्याला सवय नव्हती. सासूच्या ते ध्यानात आलं असावं. ती उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसली.

“काय बोलू?” त्यानं मला विचारलं.

“घरी बोलता तेच बोला.”

“घरी आमी बोलत न्हाई.”

पिशवी दाबत तो तिच्या कानाशी वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, “कडबा पडू दे तसाच. म्या बगतो.” आणखी एकदा पिशवी दाबली. “पाडव्याला माहेरी जायचं म्हनत व्हतीस. म्या उगंच न्हाई म्हनलो. तू न्हाई घरात की मला करमत न्हाई, म्हनून.”

तिच्या मिटल्या डोळ्यातून पाणी ओघळून कानाकडे गेलं. त्याचे हात गुंतले होते, म्हणून मी ते पुसलं. बाईंना शब्द कळले नव्हते. तरी त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दिवस मावळायच्या सुमारास तिची बोटं हलली. दुसऱ्या दिवशी नळी काढली. घसा बसला होता, पण बोलत होती. काल काही ऐकू आलं का, असं मी विचारलं.

“समदं ऐकू यायलतं. तुमी हात बदलायला थांबल्या की लय भ्या वाटायचं.” मग पदर तोंडाला लावून हसली. “हे एवढं बोलतेत, मला ठावंच नव्हतं.”

मी ते बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “मी नातेवाइकांना हे नेहमी सांगते. पण ऐकू आलं, असं सांगायला आजवर कुणी माझ्याकडे परत आलं नव्हतं.”

घरी जाताना सासूनं बाईंना वाकायची खूण केली. बाई वाकल्या. म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. जीप गेल्यावर बाईंनी मला याचा अर्थ विचारला. मला शब्द सापडेनात. शेवटी सांगितलं, तुमच्यावर जे काही संकट येणार असेल, ते तिनं स्वतःवर घेतलं.

 जीपचा धुरळा बसेपर्यंत बाई रस्त्याकडे बघत राहिल्या.